योगायोगाची मोजदाद : संख्याशास्त्रीय अनुमान आणि परिकल्पना परीक्षण

विषयाची व्याप्ती

मोजलेल्या थोड्या भागावरून न मोजलेल्या मोठ्या भागाविषयी काय म्हणता येते आणि ते कितपत खात्रीने म्हणता येते, याचे शास्त्र म्हणजे संख्याशास्त्रीय अनुमान. वर्णनात्मक संख्याशास्त्र हाती असलेल्या आकड्यांची सरासरी, प्रमाण आणि विखुरण सांगून थांबते. अनुमान त्या आकड्यांच्या पलीकडे जाते आणि पलीकडे जाताना होऊ शकणाऱ्या चुकीचे मापही सोबत देते. त्याची दोन अंगे आहेत. अज्ञात संख्येचा अंदाज बांधणे हे पहिले अंग आणि एखाद्या दाव्याची पारख करणे हे दुसरे. या दोहोंचा गाभा एकच आहे: केवळ योगायोगाने आकडे किती हलू शकतात, याचा हिशेब. पुढील विवेचनात अंदाजासाठी खांदा कॉलनीतील एक कल्पित पाहणी घेतली आहे आणि परीक्षणासाठी २००८ साली पुण्यात झालेली फलज्योतिषाची प्रत्यक्ष चाचणी.

समष्टी आणि नमुना

ज्या संपूर्ण समूहाविषयी प्रश्न असतो त्याला समष्टी म्हणतात आणि त्यातून प्रत्यक्ष तपासलेल्या भागाला नमुना. पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीतील खांदा कॉलनी हा सिडकोने वसवलेल्या नवीन पनवेलचा पश्चिमेकडचा भाग. तेथील किती टक्के घरांत पिण्यासाठी पाण्याचे जार विकत घेतले जातात, असा प्रश्न असेल तर कॉलनीतील सर्व घरे ही समष्टी ठरते. या सर्व घरांतील खरे प्रमाण म्हणजे प्राचल. ते स्थिर असते, पण अज्ञात असते. निवडलेल्या घरांत आढळलेले प्रमाण म्हणजे नमुनाफल. ते ज्ञात असते, पण स्थिर नसते. दुसरी घरे निवडली असती तर ते वेगळे आले असते. ज्ञात पण अस्थिर संख्येवरून स्थिर पण अज्ञात संख्येकडे जाण्याची वाट आखणे, हे अनुमानाचे काम.

यादृच्छिक निवड

ही वाट तेव्हाच भरवशाची असते, जेव्हा समष्टीतील प्रत्येक घटक निवडला जाण्याची संभाव्यता ठाऊक असते. घरांची पूर्ण यादी करून तीतून चिठ्ठ्या टाकून किंवा यादृच्छिक संख्यांच्या साहाय्याने घरे निवडली, तर ही अट पुरी होते. सकाळी आठ वाजता खांदेश्वर स्थानकावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना प्रश्न विचारला, तर ती होत नाही. तेथे हार्बर मार्गाने मुंबईकडे जाणारे नोकरदार भेटतात. निवृत्त मंडळी, घरून काम करणारे आणि तळोजा औद्योगिक वसाहतीत दुचाकीने जाणारे सुटतात. अशा नमुन्यात हजार माणसे वाढवली तरी दोष जात नाही, उलट चुकीचा आकडा अधिक ठामपणे हाती येतो. निवडीतील यादृच्छिकता ही केवळ निःपक्षपातासाठी नसते. तिच्यामुळेच नमुनाफलाच्या चढउतारांवर संभाव्यतेचे नियम लागू करता येतात.

मोजणीतला कल

नमुना योग्य असूनही मोजणीच्या पद्धतीमुळे आकडा एका दिशेला झुकू शकतो. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांतून याचे महत्त्वाचे उदाहरण दाखवून दिले. शेतात यादृच्छिक जागी छोटा तुकडा आखून त्यातील पीक कापायचे आणि त्यावरून एकरी उत्पादन काढायचे, अशी ती पद्धत होती. तुकडा फार लहान असला की उत्पादन प्रत्यक्षाहून जास्त येई, कारण सीमारेषेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्यांचा कल असे. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची सीमा लांब. म्हणून लहान तुकड्यांत हा कल ठळक होई. यादृच्छिक त्रुटी नमुना वाढवल्यावर घटते. मोजणीतला कल नमुना वाढवून घटत नाही. त्यासाठी मोजणीची रीत बदलावी लागते.

प्रमाण त्रुटी

एकाच समष्टीतून सारख्या आकाराचे अनेक नमुने घेतले, तर प्रत्येक नमुन्याचे फळ थोडे वेगळे येते. या फळांच्या विखुरण्याचे माप म्हणजे प्रमाण त्रुटी. खांदा कॉलनीतील कल्पित पाहणीत यादृच्छिक निवडलेल्या ४०० घरांपैकी १२० घरांत जार येतो असे आढळले, असे धरले तर प्रमाण ३० टक्के येते. ०.३० आणि ०.७० यांच्या गुणाकाराला ४०० ने भागून वर्गमूळ काढले की प्रमाण त्रुटी सुमारे २.३ टक्के मिळते. नमुन्याचा आकार छेदात वर्गमुळाखाली असल्याने त्रुटी निम्म्यावर आणायची तर ४०० ऐवजी १,६०० घरे लागतात. या सूत्रात समष्टीचा आकार कोठेच नाही. समष्टी नमुन्याच्या मानाने पुरेशी मोठी असेल, तर एका कॉलनीसाठी आणि संपूर्ण पनवेल शहरासाठी ४०० घरांच्या नमुन्याची अचूकता जवळजवळ सारखीच असते.

स्वातंत्र्याची अट

वरील हिशेब प्रत्येक घराचे उत्तर इतर घरांपासून स्वतंत्र आहे, असे गृहीत धरतो. जारचा निर्णय घरोघर वेगळा होतो, म्हणून तेथे ही अट बऱ्याच अंशी पाळली जाते. उन्हाळ्यात टँकर येतो का, हा प्रश्न विचारला तर मात्र ती मोडते. टँकर सोसायटी मागवते. एका इमारतीतील दहा घरांना विचारले तरी उत्तर एकच मिळते. अशा वेळी ४० इमारतींतील प्रत्येकी दहा घरे म्हणजे ४०० स्वतंत्र निरीक्षणे होत नाहीत; ती जवळपास ४० च ठरतात आणि प्रमाण त्रुटी दाखवली जाते त्याहून तिपटीने मोठी निघते. एकाच वर्गातील विद्यार्थी, एकाच रुग्णालयातील रुग्ण, एकाच शेतातील रोपे यांच्या अभ्यासातही हीच सावधगिरी लागते.

विश्वास अंतराल

केवळ ‘३० टक्के’ म्हणण्याऐवजी अंदाजाच्या दोन्ही बाजूंना प्रमाण त्रुटीच्या १.९६ पट अंतर मोजले की ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल मिळतो. येथे तो सुमारे २५.५ ते ३४.५ टक्के असा येतो. ही संकल्पना संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९३७ साली मांडली. तिचा अर्थ पद्धतीशी निगडित आहे: याच रीतीने पुन्हा पुन्हा नमुने घेऊन अंतराल काढत गेले, तर त्यांपैकी सुमारे ९५ टक्के अंतराल खऱ्या प्रमाणाला आपल्या कक्षेत घेतील. हाती आलेला एक विशिष्ट अंतराल त्या ९५ मधला आहे की उरलेल्या ५ मधला, हे त्या अंतरालावरून कळत नाही. अंतराल अरुंद असणे म्हणजे यादृच्छिक त्रुटी कमी असणे. निवडीतला किंवा मोजणीतला कल त्यात धरलेला नसतो.

परिकल्पना परीक्षणाची रचना

अंदाजात प्रश्न असतो ‘किती?’ परीक्षणात प्रश्न असतो ‘हा दावा टिकतो का?’ त्यासाठी दोन परस्परविरोधी विधाने मांडली जातात. शून्य परिकल्पना म्हणते की परिणाम नाही, फरक नाही, जे दिसते ते योगायोगाचे आहे. पर्यायी परिकल्पना म्हणते की योगायोगापलीकडचे काही आहे. परीक्षणाची सुरुवात शून्य परिकल्पना तात्पुरती खरी धरून होते. ती खरी असती तर कोणते आकडे किती वेळा दिसले असते, हे गणिताने काढता येते. प्रत्यक्षातले आकडे त्या अपेक्षेशी फारच विसंगत असतील तर शून्य परिकल्पना नाकारली जाते; नसतील तर नाकारली जात नाही. शून्य परिकल्पनेला हा मान मिळतो तो ती अधिक संभवनीय असते म्हणून नव्हे. ती नेमकी असते, म्हणून तिच्यावरून हिशेब करता येतो. ‘ज्योतिषाला काहीतरी कळते’ या विधानावरून अपेक्षित आकडा काढता येत नाही; ‘काहीच कळत नाही’ या विधानावरून काढता येतो.

पुण्याची चाचणी

मे २००८ मध्ये पुण्यात फलज्योतिषाच्या चाचणीसाठी ज्योतिषांना जाहीर आवाहन करण्यात आले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातील सुधाकर कुंटे, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे चिकित्सक अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी ही चाचणी आखली होती. शिक्षकांनी हुशार ठरवलेली १०० शालेय मुले आणि बौद्धिक दिव्यांग मुलांच्या विशेष शाळांतील १०० मुले यांच्या जन्मवेळा पालकांकडून घेऊन २०० कुंडल्या मांडण्यात आल्या. सहभागी ज्योतिषाला त्यांतील यादृच्छिक ४० कुंडल्या द्यायच्या आणि प्रत्येक कुंडली कोणत्या गटातील मुलाची आहे, एवढेच विचारायचे, असे स्वरूप होते. ५१ जणांनी तपशील मागवले, २७ जणांनी उत्तरे पाठवली. एका ज्योतिष संस्थेने सर्व २०० कुंडल्या तपासल्या. निष्कर्ष २००९ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

दुहेरी अंध पद्धत

या चाचणीत कुंडल्यांना सांकेतिक क्रमांक दिले होते आणि त्या क्रमांकांची किल्ली कुंटे यांनी विद्यापीठात सुरक्षित ठेवली होती. त्यामुळे कोणती कुंडली कोणत्या मुलाची, हे ज्योतिषाला ठाऊक नव्हते आणि त्याच्याशी संपर्क ठेवणाऱ्यांनाही नव्हते. अशा मांडणीला दुहेरी अंध पद्धत म्हणतात. नव्या औषधांच्या चाचण्यांत शक्य तेथे हीच पद्धत वापरली जाते. तिचे संख्याशास्त्राशी नाते थेट आहे. बोलण्याच्या सुरातून किंवा चेहऱ्यावरून उत्तराचा सुगावा लागण्याची वाट बंद झाली, तरच ‘काहीच कळत नसेल तर बरोबर उत्तराची संभाव्यता निम्मी’ हे गृहीत खरे ठरते. पुढचे सारे गणित या एका गृहीतावर उभे आहे.

योगायोगाचे वितरण

शून्य परिकल्पना अशी: कुंडलीवरून गट ओळखता येत नाही. मग प्रत्येक उत्तर नाणेफेकीसारखे ठरते आणि ४० पैकी बरोबर उत्तरांची संख्या द्विपद वितरणाने सांगता येते. अपेक्षित संख्या २०, विखुरण्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन सुमारे ३.१६. म्हणजे कुंडली न पाहता अंदाजाने उत्तरे देणाऱ्यालाही नेमके २० गुण मिळतील असे नाही. १७ ते २३ ही त्याची नेहमीची मजल. त्यापुढे संभाव्यता झपाट्याने घसरते. निव्वळ अंदाजाने २४ किंवा अधिक बरोबर येण्याची संभाव्यता सुमारे १३.४ टक्के, २६ किंवा अधिकची ४ टक्के, २८ किंवा अधिकची अवघी ०.८३ टक्के. कोणताही एक गुण पाहून ‘चांगला’ की ‘वाईट’ हे ठरत नाही. या वितरणात तो कोठे पडतो, यावरून ते ठरते.

सार्थकता पातळी

शून्य परिकल्पना कधी नाकारायची, याची सीमा आकडे पाहण्यापूर्वी ठरवावी लागते. परिकल्पना खरी असूनही नाकारली जाण्याचा जेवढा धोका पत्करला जातो, त्याला सार्थकता पातळी म्हणतात. ५ टक्के आणि १ टक्का या रूढ पातळ्या होत. त्यांत गणिती अपरिहार्यता नाही, संकेत आहे. १ टक्क्याची पातळी धरली तर ४० कुंडल्यांसाठी सीमा २८ वर येते, कारण २७ किंवा अधिकची संभाव्यता अजून १.९ टक्के असते. २०० कुंडल्यांसाठी त्याच पातळीची सीमा ११७ आहे. टक्केवारीत पाहता ४० साठी ७० टक्के यश लागते, २०० साठी साडेअठ्ठावन्न टक्के पुरते. नमुना मोठा झाला की योगायोगाची मजल आखूड होते, हेच प्रमाण त्रुटीच्या सूत्राने आधी सांगितले होते.

पी-मूल्य

शून्य परिकल्पना खरी असताना, मिळालेल्या आकड्याइतका किंवा त्याहून टोकाचा आकडा येण्याची संभाव्यता म्हणजे पी-मूल्य. पुण्याच्या चाचणीत सर्वाधिक गुण २४ होते. ते एकाने मिळवले. त्याचे पी-मूल्य ०.१३४. संस्थेची २०० पैकी १०२ उत्तरे बरोबर आली. पी-मूल्य सुमारे ०.४२, म्हणजे निव्वळ अंदाजाने उत्तरे देणाऱ्या शंभर गटांपैकी बेचाळीस गट एवढी किंवा याहून चांगली कामगिरी करतील. दोन्ही ठिकाणी शून्य परिकल्पना नाकारण्यास आधार नाही. पी-मूल्याचा एक अर्थ सर्रास चुकीचा घेतला जातो: ‘शून्य परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता’. तो हिशेब परिकल्पना खरी धरूनच केलेला असल्याने तिच्या खरेपणाची संभाव्यता त्यातून निघू शकत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली पी-मूल्याविषयी निवेदन प्रसिद्ध केले, त्यात हा गैरसमज स्पष्टपणे नोंदवला आहे.

अंतराल आणि परीक्षण यांचा सांधा

विश्वास अंतराल आणि परिकल्पना परीक्षण ही एकाच गणिताची दोन रूपे आहेत. ९५ टक्क्यांच्या अंतरालात जी मूल्ये येतात, ती ५ टक्के पातळीच्या दुपक्षी, म्हणजे वर-खाली दोन्ही दिशांचा फरक धरणाऱ्या, परीक्षणात नाकारता येत नाहीत. जी बाहेर राहतात, ती नाकारली जातात. खांदा कॉलनीच्या पाहणीत ‘जार घेणारी घरे २५ टक्केच आहेत’ असा दावा असेल, तर २५ हा आकडा २५.५ ते ३४.५ च्या बाहेर पडतो आणि दावा टिकत नाही. ‘२८ टक्के आहेत’ हा दावा मात्र टिकतो. संस्थेच्या १०२ बरोबर उत्तरांवरून यशाचा अंतराल सुमारे ४४ ते ५८ टक्के येतो. त्यात ५० आहे, तसेच ५५ सुद्धा आहे. परीक्षण एका मूल्याविषयी होकार-नकार देते. अंतराल कोणकोणती मूल्ये अजून शक्य आहेत ते दाखवतो, म्हणून तो अधिक माहिती देतो.

दोन प्रकारच्या चुका

निर्णय दोन तऱ्हांनी चुकू शकतो. शून्य परिकल्पना खरी असून नाकारली गेली तर ती पहिल्या प्रकारची चूक. खोटी असून नाकारली गेली नाही तर दुसऱ्या प्रकारची. ज्योतिषाला काही कळत नसताना त्याला ज्ञानी ठरवणे ही पहिली, कळत असताना अज्ञानी ठरवणे ही दुसरी. सीमा कडक केली की पहिली चूक घटते आणि दुसरी वाढते. नमुना तोच ठेवून दोन्ही एकदम कमी करता येत नाहीत. कोणती चूक अधिक महाग, हे विषयावर अवलंबून असते: रक्तपेढीतील प्राथमिक तपासणीत दूषित रक्त सुटून जाणे घातक असते, तर फौजदारी खटल्यात निरपराध्याला शिक्षा होणे. या चुकांचा एकत्रित विचार नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी १९३३ च्या त्यांच्या निबंधात पक्का केला.

कसोटीची शक्ती

परिणाम खरोखर असताना तो पकडण्याची संभाव्यता म्हणजे कसोटीची शक्ती. पुण्याच्या चाचणीचे वाचन करताना हा भाग निर्णायक आहे. समजा, एखाद्या ज्योतिषाचे खरे यश ७० टक्के आहे. मग ४० कुंडल्यांत २८ ची सीमा गाठण्याची त्याची संभाव्यता निम्म्याहून थोडी अधिक असते. खरे यश ६० टक्केच असेल, तर ती सुमारे १३ टक्क्यांवर येते. म्हणजे कौशल्य अल्प असेल तर एकट्याची ४० कुंडल्यांची चाचणी ते बहुतेक वेळा पाहूच शकत नाही. २०० कुंडल्यांवर ११७ च्या सीमेने हीच शक्ती सुमारे ६९ टक्के होते. म्हणून संस्थेचा निकाल एकेकट्या निकालांपेक्षा अधिक बोलका ठरतो. ‘परिणाम आढळला नाही’ या वाक्याचे वजन कसोटीच्या शक्तीएवढेच असते. शक्ती न सांगता केलेले असे विधान अपुरे राहते.

अनेक तुलनांचा सापळा

२७ जणांतून सर्वांत वरचा गुण निवडला की हिशेब बदलतो. एकाला अंदाजाने २४ किंवा अधिक मिळण्याची संभाव्यता १३.४ टक्के असली, तरी २७ अंदाज करणाऱ्यांपैकी किमान एकाला तेवढे मिळण्याची संभाव्यता सुमारे ९८ टक्के होते. २८ ची कडक सीमासुद्धा २७ जणांत कोणीतरी निव्वळ योगायोगाने गाठण्याची संभाव्यता सुमारे २० टक्के असते. एखाद्याने २८ गुण मिळवले असते, तर त्याची नव्या कुंडल्यांवर पुन्हा चाचणी घेणे हाच योग्य मार्ग ठरला असता. एकाच माहितीवर वीस निरनिराळ्या कसोट्या लावून ‘यशस्वी’ ठरलेली एकच जाहीर करणे, हा याच सापळ्याचा दुसरा अवतार होय. त्यावर दोन उपाय रूढ आहेत: कसोट्यांच्या संख्येनुसार पातळी कडक करणे आणि केलेल्या सर्व कसोट्या नोंदवणे.

सरासरीचे वाचन

२७ जणांच्या बरोबर उत्तरांची सरासरी १७.२५ होती. एका व्यक्तीच्या प्रमाण विचलनाशी, म्हणजे ३.१६ शी तुलना केली, तर २० पासूनचे हे अंतर किरकोळ दिसते. परंतु २७ जणांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी सुमारे ०.६१ च असते आणि त्या मापाने १७.२५ बरेच खाली आहे. यावरून ज्योतिषांना उलटे ज्ञान होते असा अर्थ काढण्याआधी मोजणीची रीत पाहावी लागते. ‘सांगता येत नाही’ असे उत्तर बरोबर उत्तरांत धरले जात नाही. अशी उत्तरे असली की अपेक्षित सरासरी २० हून खाली घसरते. एका सहभागीने ४० पैकी ३७ मुले हुशार ठरवली होती आणि तीन अनिर्णित ठेवली होती. त्याची १७ उत्तरे बरोबर होती. आकडा अपेक्षेबाहेर गेला की शून्य परिकल्पनेसोबतच हिशेबामागची इतर गृहीतेही तपासावी लागतात. नाकारले जाते ते त्या सर्वांचे मिळून बनलेले चित्र.

सार्थकता आणि महत्त्व

संख्याशास्त्रीय दृष्ट्या सार्थक परिणाम व्यवहारात महत्त्वाचा असेलच असे नाही. नमुना पुरेसा मोठा असेल तर नगण्य फरकही सार्थक ठरतो. म्हणून पी-मूल्यासोबत परिणामाचा आकार सांगणे आवश्यक असते. गडचिरोली जिल्ह्यात अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने केलेला घरोघरी नवजात बाळसेवेचा अभ्यास येथे उपयुक्त आहे. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत बाळांची देखभाल करत आणि ४७ गावे तुलनेसाठी होती. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात तुलनात्मक घट सुमारे ६२ टक्के होती आणि पी-मूल्य ०.००१ हून कमी होते. पी-मूल्याने योगायोगाची शंका दूर केली. धोरणाला दिशा दिली ती ६२ टक्के या आकाराने. गावांचे गट यादृच्छिक पाडलेले नसल्याने दोन्ही गट आधीपासून सारखे होते का, हे तपासणे आवश्यक होते; त्यासाठी आरंभीचे मृत्युदर नोंदले होते आणि ते जवळपास समान होते.

विचारधारा

परीक्षणाच्या कल्पनेला आधुनिक रूप देणाऱ्यांत रोनाल्ड फिशर अग्रणी. १९३५ च्या ग्रंथात त्यांनी चहाच्या आठ कपांचा प्रयोग मांडला: चार कपांत आधी दूध, चारांत आधी चहा, आणि चव घेऊन ते वेगळे ओळखायचे. सर्व अचूक ओळखण्याची निव्वळ योगायोगाची संभाव्यता ७० त १. पुण्याची चाचणी याच जातीची आहे. फिशर पी-मूल्याकडे पुराव्याचे माप म्हणून पाहत; नेमन आणि पिअर्सन यांनी भर दिला तो निर्णयाच्या नियमावर आणि चुकांच्या दरावर. आजची पाठ्यपुस्तके दोहोंचे मिश्रण शिकवतात. तिसरी वाट बेजच्या सूत्राची. तीत परिकल्पनेला आधीच काही संभाव्यता दिली जाते आणि पुराव्यानुसार ती बदलली जाते, म्हणून ‘परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता किती’ हा प्रश्न तेथे विचारता येतो. मात्र आरंभीची संभाव्यता कोठून आणायची हा वाद मागे लागतो. या वाटेचे पुरस्कर्ते हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्याकडे केंब्रिजमध्ये संशोधन केलेले कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राच्या अध्यापनाचे प्रमुख आधारस्तंभ झाले.

मर्यादा आणि पुढची पायरी

परिकल्पना परीक्षण शून्य परिकल्पना सिद्ध करत नाही. ती नाकारण्याइतका पुरावा मिळाला की नाही, एवढेच सांगते. पुण्याच्या चाचणीतून ‘फलज्योतिष सर्वथा निरर्थक आहे’ असे गणिताने निघत नाही. सहभागी व्यक्तींना या कुंडल्यांवरून हे दोन गट ओळखता आले असा पुरावा मिळाला नाही, हे निघते. गट ओळखता येतील हा दावा ज्यांचा आहे, पुरावा देण्याची जबाबदारीही त्यांच्याकडेच राहते. निष्कर्षाची मर्यादा नेमकी सांगता येते, कारण प्रश्न, गट, कुंडल्यांची संख्या आणि गुप्ततेची रीत उत्तरे येण्यापूर्वी ठरली होती. हाच क्रम उलटा झाला, म्हणजे आकडे पाहून परिकल्पना किंवा सीमा ठरवली, तर तेच सूत्र वापरूनही पी-मूल्याला अर्थ उरत नाही. एका चाचणीचा हिशेब पुढच्या चाचणीचा आराखडाही देतो. ६० टक्के यशाचे माफक कौशल्य १ टक्का पातळीवर ९० टक्के शक्तीने पकडायचे, तर प्रत्येक सहभागीला ४० नव्हे, सुमारे ३२५ कुंडल्या द्याव्या लागतील.